भैरीला तीनदा विचारलं

आम्ही घाटावरची माणसं कोकणाला उगाच नावं ठेवतो. तिकडे भाताशिवाय काही खात नाहीत, पायवाट सोडली की साप, माणसं हेल काढून बोलतात आणि चार दिवस राहिलं की आपणही तसंच बोलायला लागतो. हे सगळं मीही म्हणत असे, तेही घाटाखाली एकदासुद्धा न उतरता. गेल्या फाल्गुनात उतरलो. हौसेनं नव्हे, हुकमानं. माझ्यासारखेच घरबसल्या नावं ठेवणारे जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लिहायला आता वेळही पुष्कळ आहे. तो का आहे ते ओघात येईलच.

हुकूम आमच्या महाराजांचा होता. संस्थानाचं नाव सांगत नाही. नकाशावर ते शोधायला भिंग लागतं. पण महाराज मोठे होते. विलायतेत शिकून आले आणि गादीवर बसल्या बसल्या त्यांनी राज्य नवं करायला काढलं. मुलाला शाळेत न घालणाऱ्याला दंड बसला, तेराव्याची जेवणं बंद झाली, सावकारांच्या नाकात वेसण पडली. रस्ते झाले, राजवाड्यात आणि मग बाजारातही विजेचे दिवे लागले, आणि ओढ्याकाठच्या माळावर भुईमुगाचं तेल गाळायचा नि साबण करायचा कारखाना उभा राहिला. सगळं दवंडीनं. सकाळी दवंडी पिटली की ती गोष्ट झालीच म्हणून समजा. कामगारांना लिहिता-वाचता आलंच पाहिजे असाही एक हुकूम निघाला आणि त्यातून माझी रात्रशाळेची नोकरी निघाली. महाराजांबद्दल वाईट बोलायला अजून माझी जीभ वळत नाही. त्यांच्यापुढे ‘पण’ हा शब्द कुणी काढत नसे, एवढंच. तसा काही त्यांचा हुकूम नव्हता. ते आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

कारखान्यात कोकणातली बरीच माणसं होती. मुंबईच्या गिरण्यांत काम केलेली, यंत्राला न बुजणारी, म्हणून मुद्दाम आणवलेली. त्यांतला एक धाकू. पंचविशीचा, सडपातळ, यंत्रांना तेल घालायच्या कामावर होता आणि माझ्या रात्रशाळेत सगळ्यांत मागे बसून सगळ्यांत आधी पाठ म्हणायचा. दिवाळीनंतर महाराजांचा वाढदिवस होता आणि त्या दिवशी विलायतेहून आलेला नवा घाणा महाराजांच्या हस्ते सुरू व्हायचा होता. फिरणाऱ्या पट्ट्याभोवती बसवायची लोखंडी जाळी अजून आली नव्हती. ती येईपर्यंत थांबावं असं इंजिनियरसाहेबांच्या मनात होतं म्हणे, पण वाढदिवस पुढे ढकला असं कोण सांगणार? शिवाय दवंडी पिटली गेली होती की यंत्रापुढे नारळ फोडायचा नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, यंत्र हे यंत्र आहे.

धाकूच्या गावात होडी पाण्यात लोटायची असो की विळा भाताला लावायचा असो, आधी त्या वस्तूला हात लावून तो कपाळाला न्यायचा, मग काम. नारळ नाही, देवाला गाऱ्हाणं घालणं नाही, नवी वस्तू तशीच कोरडी सुरू होते आहे, हे त्याला काही सोसेना. महाराजांनी कळ दाबली, टाळ्या वाजल्या, आणि तेलवाल्यांच्या रांगेतून धाकू दोन पावलं पुढे गेला नि त्यानं घाण्याला नमस्कार करायला उजवा हात पुढे केला. पट्ट्यानं तो ओढून घेतला. डॉक्टरांना कोपराच्या वरून कापावा लागला.

महाराज स्वतः त्याला आपल्या मोटारीतून दवाखान्यात घेऊन गेले. त्याच्या उशाशी बसले. मी पाहिलं आहे, त्यांचे डोळे भरून आले होते. जखम भरल्यावर हुकूम निघाला की धाकूला जन्मभर वेतन चालू राहील आणि मास्तरांनी त्याला सन्मानानं घरी पोचवून यावं. सोबत कारखान्याच्या साबणाची एक पेटी द्यावी. साबणाच्या प्रत्येक वडीवर महाराजांचा पागोट्यातला चेहरा उठवलेला होता.

कुंभार्ली घाट

सर्व्हिसच्या मोटारीत बसेपर्यंत मला वाटत होतं की धाकूला दुःख हाताचं आहे. ते होतंच, पण त्याहून मोठं दुसरं होतं. फाल्गुनात कोकणात शिमगा. त्यांच्या गावाचा देव भैरी. शिमग्यात त्याची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते, आणि ती देवळातून उचलताना पहिला खांदा द्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या धाकूच्या घराचा. बाप बोटीवरून पाण्यात गेला तेव्हापासून तो मान धाकूकडे. मुंबईहून काय, आमच्या संस्थानातून काय, तो दरवर्षी शिमग्याला गेला होता. आता खोड आलेल्या माणसाचा खांदा देवाला चालतो की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण असा प्रसंग त्या घरावर आला नव्हता. आणि हात गेल्याचं त्यानं घरी कळू दिलं नव्हतं. कुणाकडून ऐकण्यापेक्षा आईनं बघितलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. म्हणून भर उन्हात तो खांद्यावर घोंगडी घेऊन बसला होता आणि मोटारीतले लोक त्याला ताप आला आहे का म्हणून विचारत होते.

घाटात माझी जी दशा झाली ती काय वर्णावी. वळणागणिक पोट वर येत होतं. हेळवाकला प्यालेला चहा पहिल्या उतारालाच गेला, त्याच्या मागून सकाळची भाकरी गेली. ज्याला मी पोचवायला निघालो होतो तोच डाव्या हातानं माझं डोकं धरून बसला होता आणि सांगत होता की मास्तर, लांब बघा, दरीत बघू नका. एका जागी यंत्र तापलं म्हणून मोटार थांबली. खाली सगळं हिरवट धुक्यासारखं दिसत होतं आणि वाऱ्याला आंब्याच्या मोहोराचा वास होता. आमच्याकडे फाल्गुनात नुसती धूळ असते. मी बरा झालो की नाही ते बघून धाकूनं खाली बोट केलं आणि ती आमची खाडी म्हणाला. मला काही दिसलं नाही, पण हो म्हटलं.

गोवळकोट

चिपळूणला उतरून गोवळकोटच्या बंदरावर गेलो. पुढचा प्रवास खाडीनं. मला उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, तेव्हा होडीवाल्याला म्हटलं, चल लगेच. तो होडीच्या सावलीत पडून होता, उठलासुद्धा नाही. ओहोटी लागल्याशिवाय निघता येत नाही म्हणाला. मी खिशातून महाराजांचं शिक्क्याचं पत्र काढून दाखवलं. आमच्या मुलखात ते पत्र पाहून फौजदार उभा राहतो. होडीवाल्यानं ते नीट बघितलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि खाडीकडे हात करून म्हणाला, “पान्याला दाखवा.”

धाकू हसला. त्या साऱ्या प्रवासात तो एवढा एकदाच मोकळा हसला, म्हणून मलाही राग आला नाही.

बंदरावरच्या खानावळीत जेवलो. मी माळकरी, आणि बंदरावर माळकऱ्याची पंचाईत. बाईनं माझ्या गळ्यातली माळ बघितली, कपाळाला हात लावला आणि आतून कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात नि ओल्या काजूची उसळ आणून वाढली. त्या उसळीसाठी मी पुन्हा एकदा घाट उतरायला तयार आहे, आता सांगायला हरकत नाही. भाकरी मागितली तर तांदळाची आली, पांढरीशुभ्र नि मऊ. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जो कणखरपणा असतो तो तिच्यात नाही, पण आजाऱ्याला बरी. धाकूनं डाव्या हातानं कालवून खाल्लं. शेजारच्या पंगतीतला एक म्हातारा डाव्या हातानं जेवणाऱ्याकडे रोखून बघत होता. धाकूच्या ते लक्षात आलं आणि त्यानं भात तसाच टाकला.

खाडीत

ओहोटी लागली तशी होडी आपली आपणच निघाली. दोन्ही काठांना चिखलात उभी असलेली झाडी, तिची मुळं वर आलेली, आणि मधे कुठे चिखलावर ओंडक्यासारखी पडलेली मगर. मी होडीच्या मधोमध सरकून बसलो. डोंगरांच्या माथ्यावर तांबडा-काळा कातळ, उन्हानं नुसता भाजत असलेला. खाली मात्र माड आणि कौलारू घरं. इतकं पाणी आणि इतकी झाडी असताना इथली माणसं पोटासाठी परमुलखात का जातात, असं मी विचारलं. धाकू म्हणाला, पाणी खारं आणि कातळावर गवत. तेवढ्यानं माझं समाधान झालं.

मग त्यानं पालखी कशी नाचवतात ते सांगितलं. आधी दांडीला हात लावून कपाळाला न्यायचा, मग खांदा द्यायचा, मग एक हात दांडीवर आणि एक हात पुढच्याच्या पाठीवर. पालखी जड असते, पण पहिल्या खांद्याला ती हलकी लागते, असं त्याचा बाप सांगायचा. बोलता बोलता तो थांबला आणि मला म्हणाला, “मास्तर, द्येव अर्दा मानूस घेतो काय वो?”

मी शाळामास्तर. मला उत्तर द्यायची सवय. देव भावाचा भुकेला असतो, असं काहीतरी मी म्हणालो.

“हां,” तो म्हणाला. “शाळेत तसंच आसतं.”

मग त्यानं मला अशी गोष्ट सांगितली जी त्यानं दवाखान्यात कुणाला सांगितली नव्हती. घाण्याला हात लावताना त्यानं मनात भैरीचं नाव घेतलं होतं. महाराजांना देव नको तर नको, पण एवढी माणसं त्या यंत्रावर राबणार, त्यांच्या वतीनं कुणीतरी भैरीच्या कानावर घालायला हवं होतं, म्हणून. हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. यंत्राला देव करू नका हा धडा रात्रशाळेत मीच शिकवला होता, आणि तो धडा मला आजही पटतो.

त्याचं गाव

दाभोळ लागायच्या बरंच अलीकडे, खाडीच्या एका वाकणात त्याचं गाव. उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. धाकूची आई अंगणाच्या कडेला पेंढा रचत होती. ठेंगणी, काटक बाई. आम्हाला पाहिलं तशी आत गेली, भाकरतुकडा आणून ओवाळून टाकला, मग पाण्याचा तांब्या घेऊन आली. आमच्याकडे पाहुण्यापुढे तांब्या ठेवतात नि हातपाय धुवा म्हणतात. इथे घरची बाई स्वतः हातांवर पाणी घालते, मग माणूस ओटीवर चढतो.

हात पुढे कर, म्हणाली. धाकूनं डावा केला. दोन्ही कर ना, म्हणाली. त्यानं घोंगडी खाली पडू दिली.

तिनं डाव्या हातावर पाणी घातलं, आणि मग तांब्या सरकवून उजवा हात जिथे असायचा तिथे राहिलेलं सगळं पाणी घातलं. सारवलेल्या जमिनीवर ते पडत राहिलं. पाणी संपेपर्यंत तिनं तांब्या सरळ केला नाही. मी साबणाची पेटी हातात घेऊन अंगणात उभा होतो आणि ती कुठे ठेवावी ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी केली होती. वाढता वाढता तिनं मला विचारलं की त्या राजानं ह्याला डोळ्यांनी बघितलं का. मी सांगितलं की उशाशी बसले होते, रडले. “बसला व्हय,” ती म्हणाली. “मंग मानूस वायट नाय.” मला शिव्या दिल्या असत्या तर घास गिळायला सोपं गेलं असतं. साबणाच्या वड्या तिनं उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि दिव्याच्या कोनाड्यात मांडून ठेवल्या. कुणाचं तोंड अंगाला कसं घासायचं, हा तिचा प्रश्न मलाही बिनतोड वाटला.

देवळात

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळात जमला. पहिल्या खांद्याचं काय करायचं, हे ठरवायला. आमच्याकडे हे काम दिवाणसाहेबांनी एका ओळीत केलं असतं. इथे देवाला विचारतात. त्याला कौल लावणं म्हणतात. काळ्या पाषाणाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर गुरव फुलाची ओली कळी चिकटवतो. गावाच्या वतीनं एकजण मोठ्यानं प्रश्न घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

प्रश्न घालणारा होता तातू, गावातला सगळ्यांत वयस्क मानकरी, कमरेत वाकलेला. त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. बा भैरी म्हाराजा, हे तुझं लेकरू परमुलखातून आलं आहे, त्याच्या हाताला असं असं झालं आहे, त्याचा खांदा तुला चालतो का ते सांग. दर वाक्याला सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. धाकू खांबाला टेकून उभा होता. आई पायरीच्या खाली, बायकांत.

डावी कळी पडली.

मला वाटलं, झालं, निकाल लागला. मी निघायलाही वळलो. पण कुणी जागचं हललं नाही. तातूनं घसा खाकरला आणि चक्क देवाशी भांडायला लागला. ह्याचा बाप पाण्यात गेला तेव्हा तू काही बोलला नाहीस, आम्ही निमूट ऐकलं. ह्याच्या आज्यानं तुझी पालखी अवकाळी पावसात छातीवर धरली, ते विसरलास काय? आता नीट विचार करून सांग. गुरवानं कळ्या पुन्हा लावल्या. लोक देवाकडे असे बघत होते, जसे घरातल्या हट्टी म्हाताऱ्याकडे बघतात. मी थक्क झालो. ज्याच्यापुढे नवस बोलायचे, बळी द्यायचे, ज्याच्या कोपानं पटकी येते असं मानायचं, त्याला ही फाटकी माणसं सांगत होती की तुझं चुकतं आहे. माझ्या जन्मात मी कुठल्या धन्याला असं विचारलेलं ऐकलं नव्हतं.

पुन्हा डावी.

तिसऱ्यांदा विचारताना तातूचा आवाज खाली आला होता. त्यानं भांडण टाकलं आणि नुसतं मागितलं. पोराकडे बघ, म्हणाला. कळ्या बराच वेळ तशाच राहिल्या. मग डावीच पडली.

“भैरी, आमी ऐकलं,” तातू म्हणाला. “पटलं नाय. पन ऐकलं.”

पहिला खांदा चुलतभावाच्या घरी गेला. धाकू खाली बसला. गुरव कळ्या उचलायला लागला तेव्हा पायरीखालून त्याची आई बोलली. बाईमाणूस देवळात मधे बोललं म्हणून दोघं-तिघं वळले, पण तातूनं हात वर केला.

“आता माजं ईचारा,” ती म्हणाली. “ह्यानं त्या यंत्राला हात लावला तो भैरीचं नाव घेवून लावला. त्यो नमस्कार त्याला पावला का, येवडंच सांगू दे.”

खाडीतली ती गोष्ट धाकूनं रात्री आईलाही सांगितली होती तर. गुरवानं कळ्या लावल्या. कळी ओली असते, पाषाण उतरता असतो, वारा कुठूनही येतो, हे सगळं मला ठाऊक आहे. मी ते मुलांना शिकवतो. तरी त्या वेळी मी श्वास रोखून त्या उजव्या कळीकडे बघत होतो, आणि ती पडली. लागलीच पडली.

आदल्या संध्याकाळपासून न रडलेली ती बाई पायरीवर बसली आणि पदर तोंडात घालून रडायला लागली. पावला, पावला, एवढंच म्हणत होती. धाकूनं देवाकडे बघितलं नाही. तो उठून आईजवळ जाऊन बसला. मी बाहेर येऊन माडाखाली डोळे पुसले आणि ऊन लागल्याचं सोंग केलं.

पालखी

शिमग्याला मी थांबलो. परत जायची घाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर जावंसं वाटत नव्हतं. देवळातून पालखी उठली तेव्हा धाकू घरातच राहिला. ढोल ऐकू येत होते. त्याची आई अंगण पुन्हा सारवत होती, आदल्या दिवशी सारवलेलं असूनही.

घरं घेत घेत पालखी दुपारी त्यांच्या अंगणात आली. चुलतभावाच्या खांद्यावर पुढची दांडी. पालखी टेकवली, आईनं पालखीची ओटी भरली, आणि घरचा कर्ता म्हणून धाकू पुढे आला. दांडीजवळ गेला आणि त्याचा उजवा खांदा हलला. सदऱ्याची दुमडून टाचलेली बाही वर उचलली गेली. सवयच ती, जन्माची. सगळ्यांनी पाहिलं. तो मग वाकला आणि कपाळच त्यानं दांडीला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. ढोलवाल्यांनी हात थांबवले, आणि तो आपण होऊन उठेपर्यंत चुलतभावानं पालखीला हात लावला नाही.

निघायच्या दिवशी त्याच्या आईनं कैऱ्या आणि काजूगर बांधून दिले. न्हाणीच्या दगडावर साबणाची एक वडी होती. धाकूच्या जखमेची जागा त्या साबणानं धुते, म्हणाली, कातडी मऊ राहते. महाराजांच्या पागोट्याचा तुरा झिजून गेला होता, नाक तेवढं राहिलं होतं.

धाकू होडीपर्यंत आला. घोंगडी घेतली नव्हती. होडी लोटताना तो म्हणाला, “मास्तर, दुसरा घाना यायचाय न्हवं? आमच्या गावची चार पोरं हायत तितं. जाळी बसल्याबिगर चालू करू नका म्हनावं.” मग म्हणाला, “कायदा काय बी आसू दे, ती पोरं हात लावनारच.”

परत

महाराजांनी मला लगेच बोलावून घेतलं. दिवाणसाहेब होते, इंजिनियरसाहेब होते. महाराजांनी धाकूची, त्याच्या आईची आपुलकीनं चौकशी केली. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याची काही तक्रार आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, तक्रार नाही, एक मागणं आहे. आणि जाळीचं सांगितलं.

दुसरा घाणा वाढदिवसाला सुरू होईल, महाराज म्हणाले. जाळी आली की बसेलच. आणि ते दुसऱ्या कागदाकडे वळले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. एरवी माझ्याही दृष्टीनं संपला असता. मुजरा करून मागे पावलं टाकत यायचं, हे मला डोळे मिटून जमतं.

मी दुसऱ्यांदा विचारलं. सांगितलं की नारळ बंद केला तरी हात बंद होत नाहीत, महाराज, ही माणसं पहिल्या दिवशी यंत्राला हात लावणारच. दिवाणसाहेब खोकले. इंजिनियरसाहेब जमिनीकडे बघत होते. महाराजांनी मान वर केली.

“मास्तर, आम्ही काय म्हणालो ते ऐकू आलं नाही?”

“आलं, महाराज,” मी म्हणालो, आणि तिसऱ्यांदा विचारलं. माझाही आवाज खाली आला होता. मीही नुसतं मागितलं.

महाराज रागावले नाहीत. मला वाटतं त्यांना काय करावं ते कळलं नाही, कारण असं कधी झालंच नव्हतं. ते उठून आत गेले. संध्याकाळी शिपाई आला. नोकरी गेली, आणि संस्थानाच्या हद्दीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही असा हुकूम.

आता मी चिपळुणात एका खासगी शाळेत थोडे तास शिकवतो. भात अंगी लागला आहे, आणि बोलताना हेल निघतो असं मुलं म्हणतात. यंदाचा महाराजांचा वाढदिवस होऊन गेला. घाणा सुरू झाला, हे नक्की, कारण त्या साबणाच्या वड्या आता इथल्या बाजारातही दिसतात. पण जाळी बसली होती का, ते कळत नाही. संध्याकाळी घाटावरून मोटार येते तेव्हा मी अड्ड्यावर जातो आणि आमच्या बाजूचं कुणी उतरलं की विचारतो. कुणी म्हणतं बसली असेल, कुणी म्हणतं कारखान्यात कुणाला आत सोडत नाहीत. ती चार पोरं अजून गावी आलेली नाहीत.

बाजाराच्या दिवशी धाकू होडीनं येतो. आला की बसायच्या आधी त्याचा एकच प्रश्न, “कळलं काय, मास्तर?” मी नाही म्हणतो. मग आम्ही दोघं अड्ड्यावरच्या बाकावर घाटाकडे तोंड करून बसतो, शेवटची मोटार येईपर्यंत.